ऑगस्ट्सची जागा

१८ ऑक्टोबर १९३७, तोरेसेका

पुन्हा चुकीचे गोळे आले! मागच्या खेपेचे आमच्या तोफेत खुळखुळत होते, या खेपेचे आतच जात नाहीत. कमिसार आन्सेल्मो म्हणाला, "कॉम्रेड, गोळे क्रांतीने पाठवलेत. खोट तोफेत असेल." हा गृहस्थ युद्धाआधी व्हॅलेन्सियात ट्रामवर तिकिटं फाडायचा. अजूनही माणसाकडे बघतो ते याने तिकीट काढलंय का, अशाच नजरेने. तोफेला हात लावणं त्याचं काम नाही. आम्ही मनापासून लढतोय की नाही, हे बघणं त्याचं काम.

आम्ही मनापासून बसलोय. तोफेवर चौघे बाल्टिककडचे – मी आणि ऑगस्ट्स लाटव्हियाचे, स्टासिस लिथुआनियाचा, एवाल्ड एस्टोनियाचा. बाकी माणसं इथलीच, स्पॅनिश. समोर ऑलिव्हची झाडं, त्यांच्यापलीकडे बंडखोर जनरलांचं सैन्य. आमच्या बाजूला तंबाखू नाही पण विडीचा कागद भरपूर. त्यांच्या बाजूला तंबाखू भरपूर, कागद नाही. देशाची वाटणी अशी झालीये!

१९ ऑक्टोबर

काही नाही. पाऊस.

२३ ऑक्टोबर

पाऊस थांबला आणि ऑगस्ट्स गायब झाला. सकाळपासून नाक वर करून हवा हुंगत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुपारी परत आला तो टोपली भरून – गाइलेने! पिवळ्याधमक, नरसाळ्यासारख्या, खालून चुण्या असलेल्या! स्टासिसच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. एवाल्ड दिवसाला एक वाक्य बोलतो, आजचं त्याने अळंबीसाठी खर्च केलं. "लोणी हवं होतं."

गाइलेनेसारखी भली अळंबी जगात दुसरी नाही. कीड लागत नाही, ओळखण्यात चूक होत नाही, आमच्याकडे चार वर्षांचं पोरसुद्धा बेलाशक तोडून आणतं. स्टासिसची भाषा तिला खारूताई म्हणते, आम्ही आणि एवाल्ड कोंबडा म्हणतो. यावरून अर्धा तास भांडलो. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

ज्यांच्या गोठ्यात आम्ही राहतो त्या ओरोसियामावशींनी टोपली बघितली आणि त्या किंचाळल्याच. "टाका ते मेल्यांनो! कुत्र्याच्या छत्र्या आहेत त्या! ऑलिव्हच्या बुंध्यावरच्या!" ऑगस्ट्स हसला. "मावशी, तुम्हाला हॅम कळतं. अळंबी आमच्यावर सोडा." मावशींनी कढई द्यायला साफ नकार दिला. मग गोळ्यांच्या पेटीचं पत्र्याचं झाकण घासून घेतलं आणि त्यांच्याच तेलात अळंबी परतल्या. लोणी कुठून आणणार? या देशात सगळं ऑलिव्हच्या तेलात – भाजी तेलात, मासा तेलात, पावसुद्धा तेलात. आमच्या चौघांचं पोट इथल्या गोळीबारापेक्षा या तेलाला जास्त घाबरतं.

स्पॅनिश माणसांनाही आग्रह करकरून वाढलं. ऑगस्ट्सने दोनदा घेतलं. वर विडी दिली सगळ्यांना, चांगल्या तंबाखूची. "कुठून आणलास?" "मिळाला."

"आणि अळंबी कुठे सापडल्या?" इथल्या एकाने विचारलं. आम्ही चौघेही विडीकडे बघायला लागलो. लाजच वाटली त्याची. अळंबीची जागा कुणी विचारतं का?

२४ ऑक्टोबर

मरतोय.

२५ ऑक्टोबर

मेलो नाही. लिहितोय म्हणजे नाहीच.

परवा जेवणानंतर तासाभरात सुरू झालं. तोफेचे सगळेच्या सगळे लोक गोठ्यामागे ओळीने वाकलेले, उलट्या आणि जुलाब, वरून आणि खालून. एवाल्डने तर दुसरं वाक्यही बोलून टाकलं. ते लिहिण्यासारखं नाही. सगळ्यात वाईट हाल ऑगस्ट्सचे, कारण खाल्लंही त्यानेच जास्त. तरी उठून त्याने आपला पत्र्याचा डबा काढला. त्यात आईने दिलेल्या वाळवलेल्या ब्लूबेरी आहेत. आमच्याकडे पोट बिघडलं की याच देतात. तो डबा त्याने इतके दिवस जिवापाड जपला होता. प्रत्येकाला चिमूट चिमूट दिली. थोडं थांबलं.

आणि काल पहाटे हल्ला होता! आमच्या तोफेने सुरुवात करायची होती. तोफ सुरूच झाली नाही, म्हणून पायदळ निघालं नाही. समोरच्यांनाही काहीतरी करायचं होतं म्हणे, पण तेही हलले नाहीत. सगळा दिवस दोन्ही बाजूंनी एक गोळी नाही! संध्याकाळी वरच्या ऑफिसातून फोन आला – "शांततेचा डाव उत्तम जमला. चालू ठेवा."

२६ ऑक्टोबर

तेलच! आमचं चौघांचं एकमत झालं. गाइलेनेने आजवर कुणाला काही झालेलं नाही, म्हणजे दोष तेलाचा. स्टासिसने हे ओरोसियामावशींना समजावून सांगितलं. तो पंधरा वर्षं अर्जेंटिनात मटणाच्या कारखान्यात होता, त्यामुळे स्पॅनिश फर्डं बोलतो. मावशींनी फर्ड्या स्पॅनिशमध्येच त्याला झाडू मारला.

२७ ऑक्टोबर

आन्सेल्मो आला. हल्ल्याच्या आदल्या दिवशी अख्खी तोफ आडवी पडते, हा त्याच्या मते योगायोग नाही. त्याने ऑगस्ट्सला धरून नेलं. घातपात म्हणे! विष म्हणे! "पण त्याने स्वतः खाल्लं की, सगळ्यांत जास्त!" मी म्हणालो. आन्सेल्मो म्हणाला, "बघ ना. किती पक्का आहे."

२८ ऑक्टोबर

शाळेच्या खोलीत चौकशी झाली. आन्सेल्मो मास्तरांच्या खुर्चीत, आम्ही पोरांच्या बाकांवर गुडघे छातीला लावून. दुभाषा स्टासिस.

आन्सेल्मो बराच वेळ बोलला – क्रांती, फितुरी, माद्रिदची मुलं. स्टासिसने भाषांतर केलं, "विचारतायत कुठून आणल्या."

ऑगस्ट्स म्हणाला, "रानातून."

"कुठल्या रानातून?"

"ते नाही सांगणार."

आन्सेल्मोने टेबलावर मूठ आपटली. दौत सांडली. "का नाही सांगणार?"

ऑगस्ट्सला प्रश्नच कळेना. शेवटी म्हणाला, "जागा आहे ती."

आम्ही तिघांनी माना डोलावल्या. आन्सेल्मोने ते पाहिलं. एवाल्डला उभं केलं. "कॉम्रेड, तू सांगितलं असतंस?" एवाल्ड म्हणाला, "नाही." स्टासिसला विचारलं. "मी बायकोलाही सांगितलेली नाही, कॉम्रेड. ती मागून येईल म्हणून उलट्या वाटेने जायचो." मग माझ्याकडे वळला. माझी पंचाईत झाली. मी लिएपायाच्या बंदरावर वाढलेला, आमचा बाप अळंबी बाजारातून मापाने आणायचा. आमच्या घराण्याला जागाच नाही! हे या तिघांपुढे सांगायचं म्हणजे लाज. मी म्हणालो, "मीपण नसतं सांगितलं." माझ्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

आन्सेल्मोने निकाल दिला. जी जागा जीव गेला तरी सांगत नाहीत, तिथे शत्रूच भेटतो. सांगेपर्यंत कोठडी.

२९ ऑक्टोबर

कोठडी म्हणजे गावाचा तेलाचा घाणा! चारी बाजूंनी ऑलिव्हच्या तेलाचे रांजण आणि मध्ये ऑगस्ट्स. याहून मोठी शिक्षा त्याच्यासाठी कुणालाच सुचली नसती, आणि आन्सेल्मोला याची कल्पनाही नाही.

खिडकीशी बसलो. म्हटलं, "अरे लेका, सांगून टाक ना. दोन-चार झाडं ती. जिवापेक्षा मोठी आहेत का?"

"झानिस, तू शहरातला. तुला नाही कळायचं."

राग आला मला, खोटं कशाला बोलू! पण मग तो आपणहून बोलत राहिला. त्यांचं घर लाटव्हियात, वाल्मिएराच्या पुढे. घराण्याची जागा पणजोबांपासूनची. त्याचा बाप ओल्या सकाळी एकटा जायचा, टोपली भरून यायचा, आणि आईने कधी विचारलं नाही. बाप शेवटच्या दुखण्यात पडला तेव्हा पाद्री येऊन गेला, वकील येऊन गेला, शेत थोरल्याला दिलं. मग सगळ्यांना बाहेर काढून धाकट्याला, म्हणजे ऑगस्ट्सला, जवळ बोलावलं आणि जागा सांगितली. कुठल्या वळणावर उतरायचं, कुठला दगड, कुठलं झाड. संध्याकाळी गेला.

"धडधाकट माणूस जागा सांगत नाही रे," तो म्हणाला. "सांगितली की संपलं."

"पण ही इथली! तुझ्या बापाची थोडीच आहे!"

"इथे मला दुसरं काय आहे?"

घरी जाता येत नाही हे आम्ही कधी बोलत नाही. तिथल्या सरकारने आमची नावं सीमेवर दिलेली आहेत, गेलो की सरळ तुरुंग. मी त्याला पाव दिला. पावाला तेल लागलेलं होतं. त्याने वास घेतला आणि परत दिला.

३१ ऑक्टोबर

आन्सेल्मो म्हणतो, गुरुवारी ऑगस्ट्सला मागे पाठवणार, मोठ्या चौकशीला. मागे पाठवलेला माणूस परत आल्याचं कुणी पाहिलेलं नाही. हा मूर्ख माणूस अळंबीपायी मरणार! आणि सगळ्यात भयंकर म्हणजे स्टासिस आणि एवाल्ड दोघांनाही वाटतं की तो बरोबर वागतोय.

१ नोव्हेंबर

ठरलं की जागा आपणच शोधायची. ती नुसती अळंबीची जागा आहे, तिथे शत्रूबित्रू कुणी नाही, हे आन्सेल्मोला दाखवायचं, म्हणजे ऑगस्ट्सने तोंड उघडायची गरज नाही. तिघे तीन दिशांनी गेलो. मला एक कासव मिळालं. स्टासिसला काहीच नाही. एवाल्ड संध्याकाळी आला, खिसे पिवळ्या अळंबींनी फुगलेले!

"कुठे?" आम्ही ओरडलो.

एवाल्डने आमच्याकडे पाहिलं. खिशांवर हात ठेवले.

मी त्याला मारायला धावलो. स्टासिसने मला धरलं आणि म्हणाला, "झानिस, शोभतं का हे?"

३ नोव्हेंबर

सकाळी समोरून एक माणूस हात वर करून आला. नाव एलादियो, पेशाने न्हावी. तोंड चुन्यासारखं पांढरं, पट्टा शेवटच्या भोकात आवळलेला. आन्सेल्मोने विचारलं, "बंडखोरांना का सोडलंस? विचार बदलले?" तो म्हणाला, "विचार नाही. पोट."

मग शाळेच्या खोलीत सगळं बाहेर आलं. त्या दिवशी त्यांचीही अख्खी तुकडी आडवी होती! पिवळ्या अळंबी, डुकराच्या चरबीत तळलेल्या. कुणी दिल्या? "तुमच्याकडचा तो उंच, पिवळ्या केसांचा. झाडीत येतो अधूनमधून. कागद देतो, तंबाखू नेतो. त्या दिवशी अर्धी टोपली अळंबी आमच्या फेर्मिनला दिली, भेट म्हणून. काही घेतलं नाही त्या बदल्यात."

मला वाटलं, झालं, आता गुरुवारचीही वाट बघणार नाहीत. शत्रूला भेटतो, हे तर सिद्धच झालं!

आन्सेल्मो उठला. डोळे चमकत होते. ऑगस्ट्सला घाण्यातून आणवलं, आणि त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले!

त्याचं म्हणणं असं की, ऑगस्ट्सने एकट्याच्या बुद्धीने शत्रूची तुकडी विषाने लोळवली. संशय येऊ नये म्हणून आधी आपल्या माणसांना खाऊ घातलं. स्वतः खाल्लं! आणि कटाची जागा मरणाच्या भीतीनेही सांगितली नाही! "असे लोक," आन्सेल्मो म्हणाला, आणि त्याला पुढे बोलवेना.

ऑगस्ट्सच्या अंगाला तेलाचा वास येत होता. त्याने एलादियोला एवढंच विचारलं, "चरबीत तळल्या होत्या? नक्की?"

"नक्की."

"तेल अजिबात नाही?"

"आमच्याकडे कुठलं तेल! तेल तुमच्याकडे."

ऑगस्ट्स मटकन बाकावर बसला.

४ नोव्हेंबर

भिंतीवरच्या वार्तापत्रात ऑगस्ट्सचं चित्र आलंय. एका हातात अळंबी, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली. अळंबी बंदुकीएवढी मोठी. बिल्ल्यासाठी नाव पाठवलंय. उलट्या केल्याबद्दल आम्हा सगळ्यांचाही उल्लेख आहे – 'मोहिमेतील सहभाग'.

ऑगस्ट्स दुपारी ओरोसियामावशींपुढे जाऊन टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, "मावशी, माझं चुकलं. तेल चांगलं होतं." मावशींनी त्याला वर बघत आपादमस्तक न्याहाळलं, मग आत जाऊन कढई आणली आणि त्याच्या हातात दिली. "घे. पुढच्या वेळी मला विचार." त्याने कढई घेतली आणि तिथेच रडायला लागला, एवढा मोठा माणूस! मावशीही रडल्या. मीही. स्टासिस म्हणाला की त्याच्या डोळ्यांत धूर गेला.

मग तो आत आला आणि खडूने गोठ्याच्या दारावर इथल्या जागेचा नकाशा काढला – कोरडा ओढा, पडकी चौकी, फाटलेल्या बुंध्याची तीन झाडं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दाखवत होता. "या गाइलेने नाहीतच. ही जागाच नाही. कुणालाही सांगा!"

एवाल्डने आपले खिसे गुपचूप रिकामे केले.

५ नोव्हेंबर

एलादियो आमचे केस कापतो आता. कान वाचवून कापतो, बाकी वाईट. केस कापता कापता ऑगस्ट्सला म्हणाला, "बाकीचे उठले रे सगळे. फेर्मिन तेवढा उठला नाही. त्याची कावीळ आधीचीच. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही." आणि खालच्या आवाजात, "तू मात्र तिकडे फिरकू नकोस. त्यांनी शपथ घेतलीये, तो पिवळ्या केसांचा दिसला की गोळी."

फेर्मिन नवाराच्या डोंगरातला खेचरवाला आहे. ऑगस्ट्सने मला आज पहिल्यांदा सांगितलं. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नाही. पहिल्या दिवशी दोघेही बंदुका विसरून झाडाखाली वाकलेले होते. फेर्मिनही अळंबीच शोधत होता. त्यांच्या डोंगरातही जागा सांगत नाहीत म्हणे. "त्या माणसाला मी अर्धी टोपली दिली, झानिस. वर म्हणालो, बेलाशक खा."

६ नोव्हेंबर

आज्ञा आली. वरच्या ऑफिसला अळंबी फार आवडल्या! ऑगस्ट्सने आणखी एक टोपली भरून शत्रूला पोचवायची, उद्याच. सोमवारी हल्ला. आन्सेल्मोने नवी टोपली आणलीये, तिला लाल फीत बांधलीये.

मी ओरडलो. "अहो, ते खातील का परत? दिसताक्षणी गोळी घालतील त्याला!" आन्सेल्मो म्हणाला, "कॉम्रेड, शत्रूला एवढी अक्कल असती तर तो शत्रू झाला असता का?" मी विनवलं, हात जोडले, मला पाठवा म्हणालो. "तू अळंबी ओळखशील का?" आन्सेल्मोने विचारलं. ट्रामवाल्यालासुद्धा कळलं होतं!

आणि ऑगस्ट्स उठून म्हणाला, "जातो मी." इतक्या सहज! जसं शेजारी मीठ मागायला जायचंय.

मी त्याला गोठ्यामागे गाठलं. दंड धरून हलवला. "डोकं फिरलंय तुझं? परत विष घेऊन जाणार आहेस त्या फेर्मिनकडे?"

"विष कशाला?" तो म्हणाला. "आपल्या हातचं खाऊन माणूस आजारी पडला, तर विचारपूस करायला नको जायला?"

"मारतील तुला!"

"मग मारतील. पण आधी विचारीन."

या माणसावर चिडावं की याचे पाय धरावेत, तेच मला कळेना. पडलोय, झोप नाही.

७ नोव्हेंबर

ऑगस्ट्स गेला. लाल फितीच्या टोपलीत एकही अळंबी नव्हती. मावशींनी दिलेला पाव होता, आणि खाली ब्लूबेरींचा तो डबा. उरलेल्या सगळ्या. मी पाहिलं, आन्सेल्मोला बोललो नाही.

ओढ्यापर्यंत सोडायला गेलो. तिथे तो थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि कानाशी येऊन मला जागा सांगितली. वाल्मिएराची. वळण, दगड, झाड, सगळं. मी विचारली नव्हती.

आता आमच्या घराण्याला जागा आहे.

ती इथे लिहिणार नाही.